ओएसपीएफचा नेबर लागत नाहीये? कॉन्फिग पुसायच्या आधी हे वाचा

ओएसपीएफ म्हणजे राउटर ज्याने एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल, आणि नेबर म्हणजे ज्याच्याशी त्यासाठी ओळख व्हायला हवी तो शेजारचा राउटर. मागे एकदा रात्री साडेअकराला आमच्याकडे नवीन लागलेल्या पोराचा फोन आला. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या साइटवर होता बिचारा, एकटा. ‘दादा, सगळं बरोबर टाकलंय, पिंग पण जातंय, मग नेबर का नाही येऊन राहिला?’ मी विचारलं नेबरची स्टेट काय दाखवतंय. तर म्हणे ते नाही बघितलं, पण कॉन्फिग तीन वेळा पुसून परत टाकलंय.

मी पण नवीन असताना हेच करायचो. पुसा, परत टाका, रीबूट मारा, देवाचं नाव घ्या. कधी कधी लागायचा पण नेबर, आणि का लागला ते शेवटपर्यंत कळायचं नाही. हे नंतर समजलं की दोन राउटरची ओळख एका झटक्यात होत नाही, पायरी पायरीने होते, आणि ती कुठल्या पायरीवर थांबलीय ते राउटर स्वतःच सांगत असतो. तेवढं वाचता आलं की निम्मं काम झालं.

जे लिहितोय ते सिस्को कंपनीच्या आयओएस या राउटर सॉफ्टवेअरवरचं आहे, कारण इंदूरात मला तेच बॉक्स जास्त भेटले. दुसऱ्या कंपनीच्या बॉक्सवर कमांड बदलतील पण आतली गोष्ट तीच राहते, ओएसपीएफ कुणा एका कंपनीचा नाही, आपण आयपीव्ही४ साठी जो व्हर्जन २ वापरतो त्याचं स्टँडर्ड १९९८ चं आहे, आरएफसी २३२८. आणि हो, कमांड मी बोलतो तशा नागरीत लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

काय काय जवळ असू द्या

- कन्सोल केबल, आणि लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसेल (नसतोच) तर यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर. कन्व्हर्टरचा ड्रायव्हर घरूनच टाकून निघा, साइटवर नेट नसतं कारण नेट लावायलाच तर तुम्ही गेलेले असता.
- पुटी किंवा तसलं कुठलंही टर्मिनल, स्पीड ९६००.
- दोन्ही टोकांचे आयपी, मास्क, एरिया नंबर (ओएसपीएफ नेटवर्कचे जे विभाग पाडतो त्याचा) आणि राउटर आयडी (राउटरचा ओळख नंबर) लिहिलेला कागद. खरंच कागद.
- दुसऱ्या टोकाला हात असलेला माणूस, नाहीतर तिथला लॉगिन.
- सराव करायचा असेल तर पॅकेट ट्रेसर किंवा जीएनएस३, म्हणजे लॅपटॉपवरच खोटे राउटर चालवणारी सॉफ्टवेअर. पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो, शिकायला पुरेसा आहे, फक्त त्यात सगळ्या कमांड चालत नाहीत.

१. आधी पिंग, मग बाकीचं

इंटरफेसला आयपी द्या, नो शटडाउन करा, समोरच्याला पिंग करा. उदाहरणाला विजय नगरचं ऑफिस १०.१.१२.१ आणि पिथमपूरचा प्लँट १०.१.१२.२, मास्क दोन्हीकडे /३०. पिंग जात नसेल तर ओएसपीएफला हात लावू नका, तो दोष केबलचा, व्हीलॅनचा किंवा लिंक देणाऱ्याचा आहे.

पण पिंग गेलं म्हणजे नेबर लागणारच असंही समजू नका. साधं पिंग १०० बाइटचं छोटंसं पाकीट असतं आणि ते थेट एका पत्त्यावर जातं. ओएसपीएफचा हेलो, म्हणजे ‘मी इथे आहे’ सांगणारं पाकीट, जातो मल्टिकास्टवर, सगळ्या ओएसपीएफ राउटरसाठी असलेल्या २२४.०.०.५ या पत्त्याला, आणि तो टीसीपी पण नाही आणि यूडीपी पण नाही, थेट आयपीवर बसतो, प्रोटोकॉल नंबर ८९. फायरवॉलवाल्याने टीसीपी, यूडीपी, आयसीएमपी उघडून ‘सगळं ओपन आहे भिया’ म्हटलं तर ऐकून घ्या आणि मग विचारा, ८९ उघडलाय का?

२. राउटर आयडी हाताने द्या

नाही दिलात तर राउटर स्वतः ठरवतो: लूपबॅक (केबल नसलेला, राउटरच्या आतला इंटरफेस) असेल तर त्यातला सर्वात मोठा आयपी, नसेल तर चालू इंटरफेसमधला सर्वात मोठा. आज एक, उद्या रीबूटनंतर भलताच. म्हणून राउटर ओएसपीएफ १ मध्ये गेल्यावर पहिली ओळ राउटर-आयडी १.१.१.१, दुसऱ्या बॉक्सला २.२.२.२, असं सरळ.

इथे दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हीत पडलोय. एक म्हणजे जुन्या बॉक्सचा कॉन्फिग नोटपॅडमध्ये घेऊन नव्यात चिकटवणं, आयपी बदलला पण राउटर आयडी तोच राहिला. एकच आयडी असलेले दोन राउटर शेजारी कधीच होत नाहीत, लॉगमध्ये डुप्लिकेट राउटर-आयडीची ओळ येत राहते आणि आपण लॉग सोडून बाकी सगळं बघत बसतो. दुसरा खड्डा असा की आयडी बदलला तरी जुनाच चालू राहतो, नवीन लागू व्हायला क्लियर आयपी ओएसपीएफ प्रोसेस मारावं लागतं. ते मारल्यावर राउटर विचारतो, खरंच करू का, आणि चौकोनी कंसात ‘नो’ लिहिलेलं असतं. म्हणजे नुसतं एंटर दाबलं तर उत्तर नाही असं जातं! मी तीन वेळा एंटर दाबून आयओएसमध्ये बग आहे असं सीनियरला सांगितलं होतं. ‘यस’ पूर्ण टाइप करा. आणि ही कमांड चालू दिवसात मारू नका, त्या बॉक्सचे सगळेच नेबर एकदम पडतात.

३. इंटरफेसवर ओएसपीएफ चालू करा

नेटवर्क १०.१.१२.० ०.०.०.३ एरिया ०. शेवटचा आकडा वाइल्डकार्ड आहे, मास्क उलटा करून. या कमांडबद्दल सगळ्यांचा एकच गैरसमज असतो की आपण नेटवर्क जाहीर करतोय. तसं नाही, आपण राउटरला सांगतोय की या रेंजमध्ये ज्या इंटरफेसचा आयपी बसतो त्यावर ओएसपीएफ सुरू कर. इंटरफेस रेंजमध्ये बसलाच नाही तर हेलो निघणारच नाही. वाइल्डकार्डने डोकं फिरत असेल तर सरळ इंटरफेसमध्ये जाऊन आयपी ओएसपीएफ १ एरिया ० लिहा, मी हल्ली तेच करतो.

तो १ म्हणजे प्रोसेस नंबर, तो फक्त त्या बॉक्सपुरता असतो, समोर १०० असला तरी चालतं. एरिया मात्र तोच हवा. एकीकडे एरिया ० आणि दुसरीकडे ०.०.०.० दिसलं तर घाबरू नका, एकच आहे ते, लिहायची पद्धत वेगळी.

पॅसिव्ह-इंटरफेस डिफॉल्ट टाकायची सवय चांगली आहे, ऑफिसच्या लॅनमध्ये उगाच हेलो फिरत नाहीत. पण मग ज्या लिंकवर नेबर हवाय तिथे नो पॅसिव्ह-इंटरफेस विसरू नका. पॅसिव्ह इंटरफेस हेलो पाठवत नाही, आलेला ऐकतही नाही, आणि तरी त्याचं नेटवर्क बाकीच्या राउटरना दिसतं, त्यामुळे वरवर सगळं ठीक वाटतं.

४. दोन्हीकडे काय जुळलं पाहिजे

सबनेट आणि मास्क, एरिया, हेलो आणि डेड टायमर (किती वेळ हेलो आला नाही की शेजारी मेला धरायचा), ऑथेंटिकेशन (म्हणजे पासवर्ड), एरियाचा प्रकार (एकीकडे स्टब, म्हणजे बाहेरचे रूट आत न घेणारा, असेल तर दुसरीकडेही स्टब), आणि एमटीयू (एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार). आपल्याकडे पत्रिकेत १८ गुण जुळले तरी लग्न होतं, इथे एक जरी राहिलं तरी नाही.

इथरनेटवर डिफॉल्ट हेलो दर १० सेकंदांनी आणि डेड ४०. एनबीएमए प्रकारात, म्हणजे ब्रॉडकास्ट न चालणाऱ्या लिंकवर, ३० आणि १२०. हेलो बदललात तर सिस्को डेड आपोआप चौपट करतो, आणि ते समोरच्या टोकाला कोण सांगणार, तुम्हालाच जाऊन करावं लागतं.

पासवर्डबद्दल एकच सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी करून चिकटवू नका. शेवटी एक स्पेस येते, ती डोळ्यांना दिसत नाही पण राउटर तिला पासवर्डचाच भाग धरतो. आमचे दोन सीनियर देवासच्या एका साइटवर दीड तास याच स्पेसवर भांडले, दोघांचंही म्हणणं होतं की माझ्याकडचा बरोबर आहे.

५. आता शो आयपी ओएसपीएफ नेबर मारा आणि वाचा

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, घाई करू नका.

यादी पूर्ण रिकामी. समोरच्याचा एकही हेलो तुमच्याकडे पोचला नाही किंवा पोचला तो तुमच्या राउटरने फेकून दिला. लगेच शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस बघा. इंटरफेस यादीतच नाही, तर तिसऱ्या स्टेपला चूक. आहे पण ‘नो हेलोज, पॅसिव्ह इंटरफेस’ लिहिलंय, तर तेही तिसऱ्यातलंच. दोन्ही नाही, तर चौथ्या स्टेपमधली यादी घेऊन दोन्ही टोकांचं आउटपुट शेजारी शेजारी ठेवा आणि बोट ठेवून वाचा.

इनिट. तुम्हाला समोरच्याचा हेलो ऐकू येतोय, पण त्याच्या हेलोमध्ये जी ओळखीच्यांची यादी असते त्यात तुमचा राउटर आयडी नाही. म्हणजे तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत जात नाहीये. नवीन माणूस इथे हमखास आपल्याच बॉक्सला उकरत बसतो, कारण इनिट आपल्या स्क्रीनवर दिसतंय ना! पण शोधायचं त्याच्याकडे. त्याच्या इंटरफेसवर आत येणारं अडवणारी एखादी अ‍ॅक्सेस लिस्ट, मधली फायरवॉल, नाहीतर एकाच दिशेने मेलेली फायबर.

टू-वे. दोघांनी एकमेकांच्या यादीत आपलं नाव बघितलं. ही चूक असेलच असं नाही, पुढे सहाव्या स्टेपमध्ये सांगतो. आणि इथरनेटवर पहिल्यांदा लागताना राउटर डीआर (त्या लिंकवरच्या राउटरांचा प्रमुख) निवडायच्या आधी डेड टायमरएवढं, म्हणजे ४० सेकंद, थांबून बघतात कुणी आधीचा डीआर आहे का. तेवढ्यात पोरं घाबरून शट-नो शट करतात आणि परत ४० सेकंद सुरू. चहाचा एक घोट घ्या.

एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज. इथे दोघं ठरवतात मास्टर कोण (मोठा राउटर आयडी जिंकतो) आणि मग आपल्या डेटाबेसची अनुक्रमणिका एकमेकांना देतात. इथे अडकलं की दहापैकी नऊ वेळा एमटीयू, हे माझ्या अनुभवाचं गणित आहे, कुठे छापलेलं नाही. ती अनुक्रमणिका ज्या पाकिटात येते त्यात पाठवणारा आपला एमटीयू लिहितो, आणि तो घेणाऱ्याच्या इंटरफेसच्या एमटीयूपेक्षा मोठा असला तर घेणारा पाकीट टाकून देतो. हेलोमध्ये एमटीयू नसतो, म्हणून टू-वेपर्यंत सगळं छान चालतं आणि मग गाडी फसते. एका टोकाला एक्सस्टार्ट दिसतं, दुसऱ्याला एक्सचेंज, थोड्या वेळाने लॉगमध्ये ‘टू मेनी रिट्रान्समिशन्स’ आणि नेबर डाउन, मग परत पहिल्यापासून.

त्या रात्री पिथमपूरला हेच होतं. पोराला म्हटलं आता काही टाकू नकोस, फक्त शो आयपी इंटरफेस मार आणि एमटीयूची ओळ वाचून दाखव. ‘१४००.’ माझ्याकडे १५००. आधीच्या कुणीतरी कधीतरी टनेलसाठी तो कमी केला होता, टनेल गेला, १४०० राहिला. आणि बघा, याने तीन वेळा कॉन्फिग पुसला तो राउटर ओएसपीएफचा, इंटरफेसला हात लावलाच नाही, मग जाणार कसं ते! नो आयपी एमटीयू, एंटर, आणि मी फोनवर मोजत होतो, पंधराला पोचायच्या आत तो ओरडला ‘फुल!’

आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर अशी पण एक कमांड आहे आणि कुणीतरी तुम्हाला ती सांगेलच. नेबर लागतो तिने. पण तपासणीच बंद केलीत, एमटीयू तर तसाच राहिला, पुढे डेटाबेस वाढला आणि मोठी पाकिटं सुटली की दुखणं परत वर येतं. एमटीयू दोन्हीकडे सारखे करणं हाच खरा इलाज. आणि दोन्हीकडे १५०० असूनही अडकत असेल तर मधल्या लिंकवर संशय घ्या, १५०० साइजचं डीएफ-बिट (‘तुकडे करू नका’ ही खूण) लावलेलं पिंग मारा, ते मेलं आणि साधं पिंग जिवंत असलं की लिंकवाल्याला फोन.

लोडिंग. अनुक्रमणिका मिळाली, आता जे आपल्याकडे नाही ते मागवणं चालू. क्षणभर दिसून गेलं पाहिजे. रेंगाळलं तर परत एमटीयू किंवा पाकिटं गळणारी लिंक.

फुल. झालं. पण फुल/डीआर असं दिसलं तर तो डीआर समोरचा आहे, तुम्ही नाही. त्या कॉलममध्ये नेहमी शेजाऱ्याचं पद असतं, हे समजायला मला लाजिरवाणा वेळ लागला.

त्याच ओळीत डेड टाइम असतो. कमांड पाच-सहा वेळा मारून त्याच्याकडे बघत बसा: ३९, ३६, ३३, ३१, परत ३९. असं चाललं पाहिजे. २७ किंवा १८ दिसला तर हेलो गळतोय, आज नेबर उभा आहे पण एखाद्या पावसात नक्की पडणार.

६. डीआर, बीडीआर आणि टू-वेचं कोडं

एकाच स्विचवर दहा राउटर असले आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी पूर्ण नातं जोडायचं म्हटलं तर ४५ जोड्या होतात. म्हणून एक डीआर आणि एक बीडीआर (डीआर पडला तर त्याच्या जागी येणारा) निवडतात, बाकीचे फक्त या दोघांशी फुल होतात, जोड्या उरतात १७. बाकीचे आपापसात टू-वेवरच थांबतात, कायमचे, आणि ते बरोबर आहे. टू-वे/डीआर-अदर दिसलं म्हणून तक्रारीचं तिकीट काढू नका. मी काढलं होतं.

निवडीत जास्त प्रायॉरिटीवाला जिंकतो, डिफॉल्ट सगळ्यांची १, बरोबरी झाली तर मोठा राउटर आयडी. प्रायॉरिटी ० म्हणजे उभाच राहणार नाही. पण हे आपल्या गणेश मंडळाच्या अध्यक्षासारखं आहे, एकदा बसला की नंतर कॉलनीत कितीही मोठा माणूस राहायला येवो, हा उठत नाही. तुम्ही २५५ प्रायॉरिटीचा नवा राउटर लावाल तरी जुना डीआर पडेपर्यंत तो बाहेरच, आणि जुना पडला तरी आधी बीडीआरचा नंबर लागतो. सगळ्यांची प्रायॉरिटी ० केलीत तर मात्र कुणीच कुणाशी फुल होत नाही, सगळेच टू-वे, तेव्हा ती खरी चूक.

लिंकवर दोनच राउटर असतील तर ही निवडणूक फुकटची आहे. दोन्ही टोकांना आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट द्या, डीआर नाही, ४० सेकंदांची वाट नाही. दोन्ही टोकांना म्हणतोय. एकाच टोकाला दिलंत तर टायमर सारखेच असल्यामुळे नेबर फुल दिसतो आणि रूटिंग टेबलमध्ये रूट येत नाहीत, आणि ‘नेबर तर फुल आहे’ हे वाक्य म्हणत म्हणत सकाळ होते.

७. लांबच्या बॉक्सवर हात घालताना

ज्या लिंकवरून तुम्ही आत शिरलाय त्याच लिंकचे टायमर किंवा पासवर्ड बदलायचे असतील तर आधी पलीकडचं टोक, मग आपलं. उलटं केलंत तर गाडी काढा आणि एबी रोडला लागा. बदलायच्या आधी रिलोड इन १० टाकून ठेवा आणि कॉन्फिग सेव्ह करू नका, स्वतःला बाहेर कोंडून घेतलंत तर दहा मिनिटांनी बॉक्स जुन्या कॉन्फिगवर उठेल. काम नीट झालं तर रिलोड कॅन्सल. हे कॅन्सल विसरणाऱ्यांची एक वेगळीच यादी आहे.

डीबग आयपी ओएसपीएफ हेलो आणि डीबग आयपी ओएसपीएफ अ‍ॅडज या दोन कमांड सोनं आहेत. टायमर जुळत नसतील तर ‘मिसमॅच्ड हेलो पॅरामीटर्स’ लिहून येतं, शेजारी आर म्हणजे आलेला आकडा आणि सी म्हणजे तुमच्याकडचा. टेलनेट-एसएसएचवर असाल तर आधी टर्मिनल मॉनिटर टाका नाहीतर काहीच दिसणार नाही. पण खूप नेबर असलेल्या जुन्या बॉक्सवर भर दुपारी डीबग नको, आणि अनडीबग ऑल ही ओळ डीबग मारायच्या आधीच टाइप करून क्लिपबोर्डवर ठेवा.

८. सेव्ह

सांवेर रोडच्या एका गोदामात संध्याकाळी नेबर फुल झाला, रूट आले, क्लायंटने स्वतः गरमागरम कचोरी मागवली, मी केबल गुंडाळून घरी. रात्री तिकडची लाइट गेली. सकाळी पोह्यांचा पहिला घास तोंडात आणि फोन, ‘सर, कालच्यासारखं परत झालंय.’ राइट मेमरी मारायचं राहिलं होतं.